नळीभर रक्ताचं देणं

मी ज्यांचं देणं लागते त्यातल्या बहुतेक बायका मी कधी पाहिलेल्या नाहीत. काही अगदी जवळच्या आहेत. एक आमच्या गल्लीतून येता-जाता दिसते, एक माझ्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून जॉब तपासते. पण बाकीच्या शेकडो जणी कुठल्या, त्यांची नावं काय, त्यांची स्वतःची बाळंतपणं सुखरूप झाली की नाही, हे मला कधीच कळणार नाही. त्यांनी गरोदरपणात रक्त दिलं आणि ते कुणीतरी जपून ठेवलं, एवढंच मला ठाऊक आहे. त्या सगळ्यांची आठवण एकदा कागदावर उतरवायची म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही पिंपरी-चिंचवडमधल्या तळवड्याला राहतो, रुपीनगरच्या बाजूला. मी मूळची सोलापूर जिल्ह्यातली, बार्शीजवळच्या एका गावची. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले आणि लग्नानंतर इकडे आले. हे चाकणला एका कारखान्यात, मी तळवड्यातच एका गाळ्यात इन्स्पेक्शनला. ज्यांनी तळवडे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आयटी पार्कच्या काचेच्या इमारती आणि पत्र्याच्या शेडमधले पॉवर प्रेस, लेथ, पावडर कोटिंगचे गाळे इथे एकमेकांपासून फार लांब नाहीत, आणि मधला रस्ता सकाळ-संध्याकाळ चाकणच्या गाड्यांनी तुंबलेला असतो. मराठवाडा, सोलापूर, खानदेश इथून आलेली जोडपी भाड्याच्या खोल्यांत राहतात. घरात मोठं माणूस बहुधा नसतं. पोटुशी बाईनं काय जपायचं हे सांगायला शेजारीण असते, नाहीतर आशा स्वयंसेविका.

आमच्या भागातल्या ताई करोनाच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन फिरलेल्या. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणात त्यांनी गल्लीतलं एकेक दार वाजवलं होतं, त्यामुळे कुणाच्या घरी कोण आहे, कोण आजारी, कुणाला दिवस गेलेत, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांच्या पिशवीत वजनकाटा, कार्डांचा गठ्ठा आणि बीपीचं मशीन असायचं. ते मशीन त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. मोबदल्याच्या पैशांतून त्यांनी स्वतः विकत घेतलं होतं. का, ते मला पुढे कळलं. त्यांच्याच भागातली एक पहिलटकरीण आठव्या महिन्यात रात्री झटके येऊन गेली होती. तिच्या कार्डावर बीपीचा रकाना तीन तपासण्यांना कोरा होता.

माझ्याही कार्डावर तो कोराच होता. मी ज्या दवाखान्यात नाव घातलं होतं तिथे दर खेपेला सोनोग्राफी व्हायची, लोहाच्या गोळ्या मिळायच्या, बाळाचे ठोके ऐकवायचे. दंडाला पट्टा बांधल्याचं मात्र मला आठवत नाही.

२०२२ च्या मे महिन्यात मला सातवा लागलेला. पाय सुजत होते, पण दिवसभर उभ्यानं काम आणि डोक्यावर तापलेला पत्रा, कुणाचे सुजणार नाहीत? डोकं दुखायचं, ते उन्हानं. ताई संध्याकाळी आल्या, मी नुकतीच शिफ्टवरून आलेली. मशीन बाहेर काढून त्यांनी लगेच पट्टा बांधला नाही. म्हणाल्या, “आधी भिंतीला टेकून बस. पाय जमिनीला टेकव. पाच मिनिटं बोलू नकोस.” मग पट्टा बांधला. १४६ वर ९४. त्या काही बोलल्या नाहीत. पाणी मागितलं, प्यायल्या, थोडा वेळ थांबल्या आणि पुन्हा मोजलं. १४४ वर ९२. कार्ड घेतलं आणि कोऱ्या रकान्यात दोन्ही आकडे, तारीख आणि वेळ लिहिली. म्हणाल्या, “उद्या सुट्टी टाक. सकाळी मी येते, आपण दोघी जाऊ.”

मी फोनवर आईला सांगितलं तेव्हा ती एकदम गप्प झाली. माझी थोरली मावशी बाळंतपणात गेली एवढंच मला माहीत होतं. कशानं गेली हे आईनं त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. आठव्या महिन्यात मावशीचं तोंड सुजलं, डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, आणि एका पहाटे ती ताठ होऊन थरथरायला लागली. दातांत जीभ सापडली होती. घरातल्यांना वाटलं, बाहेरचं झालं. उतारा काढला, लिंबू उतरवलं, देवऋषी बोलावला. बार्शीला नेईपर्यंत ती गेली. बाळ पोटातच. आई तेव्हा परकरात होती. तिनं मला सांगितलं ते एवढंच, “तू उद्याच्या उद्या जा. मी येते.”

निगडीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे ताईच मला घेऊन गेल्या. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या झाल्या. प्लेटलेट, यकृत, क्रिएटिनीन, सगळं ठीक. लघवीत पट्टी बुडवली तर रंग किंचित बदलला, धड हो नाही, धड नाही नाही. मॅडमनी आडपडदा न ठेवता सांगितलं. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं आणि लघवीतून प्रथिनं जायला लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्यावर ताण दिसला, की त्याला प्रीएक्लेम्पसिया म्हणतात. शंभरातल्या दोन ते आठ गरोदर बायकांना तो होतो. त्यातून झटके आले की एक्लेम्पसिया. “तुम्ही काठावर आहात,” त्या म्हणाल्या. “दाखल करावं तर कदाचित उगाच खाटेवर पडून राहाल. घरी पाठवावं तर माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही. एक रक्ततपासणी आहे. महाग आहे, पण ती करून घ्या असं मी सांगेन.”

त्यांनी कागदावर चित्र काढून ते समजावलं. मी रसायनशास्त्र शिकलेली असले तरी माझ्या शेजारी बसलेल्या ताईंना कळेल अशा बेतानं त्या बोलत होत्या, आणि ते मला फार आवडलं. वार आईच्या रक्तात पीएलजीएफ नावाचं एक प्रथिन सोडते. त्यानं रक्तवाहिन्या निरोगी राहतात. वारेच्या रक्तवाहिन्या सुरुवातीला नीट रुजल्या नसल्या, तिला रक्त कमी पडायला लागलं, की ती दुसरं एक प्रथिन अतोनात सोडते, एसएफएलटी-१. ते पहिल्याला रक्तातच धरून ठेवतं, काम करू देत नाही. मग सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. बीपी चढतं, मूत्रपिंड गळायला लागतं, यकृत सुजतं, मेंदूवर ताण येतो. हे बाहेर दिसायच्या आधी काही आठवडे रक्तात चाललेलं असतं. दोन्ही प्रथिनं मोजायची आणि दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं. उत्तर ३८ किंवा त्याच्या खाली आलं तर पुढच्या आठवड्यात हा आजार होण्याची शक्यता जवळजवळ नाही. २०१६ साली अनेक देशांतल्या हजारभर गरोदर बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हा निर्वाळा शंभरात नव्याण्णवाहून जास्त वेळा खरा ठरला होता.

माझ्या टेबलावर गो-नोगो गेज असतो. जॉबच्या भोकात त्याचं एक टोक जायलाच हवं आणि दुसरं जायला नको. मॅडमनी ३८ म्हटलं तेव्हा मला तोच डोळ्यांपुढे आला. मात्र त्यांनी लगेच थांबवलं. खालचा आकडा भरवशाचा, वरचा तेवढा नाही. त्याच अभ्यासात ३८ च्या वर गेलेल्या बायकांपैकी चार आठवड्यांत आजार झाला तो ३७ टक्क्यांच्या आसपास. “आकडा वाढला म्हणून मी कुणाचं सिझर करत नाही,” त्या म्हणाल्या. “आकडा वाढला की मी तिच्यावरची नजर काढत नाही.”

चिंचवडच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. उत्तर ३८ च्या बरंच खाली आलं. लॅबेटालॉलच्या गोळ्या सुरू झाल्या, कामावरची उभ्याची ड्यूटी सुटली, आणि मी घरी राहिले. सातव्यात माहेरी जायचं ठरलेलं होतं, ते मॅडमनी मोडलं. आईच तळवड्याला आली. ताई एक दिवसाआड येऊन बीपी मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. त्यांना या फेऱ्यांचा वेगळा पैसा मिळत नव्हता. आईनं एकदा त्यांच्या हातावर शंभराची नोट ठेवली तर त्यांनी ती परत आईच्या पदराला बांधली.

जून उजाडला. गोळ्यांमुळे बीपी १३८/८८ च्या आसपास टिकून होतं. लघवीची पट्टी होती तशीच. बरं वाटत होतं. पण सोनोग्राफीत बाळाची वाढ जरा मागे पडलेली दिसली, आणि मॅडम म्हणाल्या, तीच तपासणी पुन्हा करू. काही हजारांचा तो खर्च आम्ही एकदा केला होता. पगाराला वेळ होता आणि ह्यांचा ओव्हरटाइम बंद झालेला.

आमच्या इन्स्पेक्शनच्या बायकांची भिशी आहे. त्या महिन्याचा नंबर जिचा लागला होता ती परभणीकडची. थोरल्या मुलीच्या बारावीच्या क्लासची फी तिला त्यातून भरायची होती. तिला माझं कळलं तसं तिनं पाकीट सोडवलं आणि जेवणाच्या सुट्टीत चालत माझ्या घरी आणून दिलं. “माझा नंबर तू घे, तुझा मला येऊ दे,” एवढं म्हणून ती परत शिफ्टला गेली. पैसे मी फेडले. पण फीची मुदत तिनं क्लासच्या लोकांना कशी वाढवून मागितली असेल, त्यासाठी काय ऐकून घेतलं असेल, हे मी तिला अजून विचारू शकलेले नाही.

दुसऱ्या तपासणीचा आकडा ८५ च्या वर गेला. चौतीस आठवड्यांच्या आत ८५ ओलांडलं की आजार पोटात शिरला असं धरून चालतात. दंडाचा पट्टा ठीक सांगत होता, लघवीची पट्टी ठीक सांगत होती, मलाही ठीक वाटत होतं. एकटं रक्त तेवढं सांगत होतं की ठीक नाही. मॅडमनी स्वतःच्या हातानं सविस्तर चिठ्ठी लिहिली आणि मला वायसीएमला, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात पाठवलं, कारण वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठी तिथे सोय आहे आणि खासगीत काचेच्या पेटीचा दिवसाचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. हातची केस त्यांनी सोडली, तिथल्या डॉक्टरांना फोन केला, आणि त्या दिवसाची तपासणी फी माझ्याकडून घेतली नाही.

तो पालखीचा आठवडा होता. करोनाच्या दोन वर्षांत तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या होत्या. त्या वर्षी दिंड्या पुन्हा पायी निघणार म्हणून देहूला माणूस मावत नव्हतं. २० जूनला प्रस्थान, २१ ला आकुर्डीचा मुक्काम. मी त्याच्या आधीच दाखल झाले. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून मला स्टिरॉइडची इंजेक्शनं सुरू झाली, आणि पालखी निगडीला पोचायच्या आत ती पूर्ण झाली होती.

पालखी निगडीला आली त्याच दुपारी माझं बीपी १७० वर ११० गेलं. डोकं फुटेल असं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे, आणि छातीखाली उजवीकडे कुणी दाबून धरल्यासारखी कळ. त्या वेळी मी रुपीनगरच्या खोलीत असते तर? देहूपासून निगडीपर्यंत रस्ता वारकऱ्यांनी भरलेला. १०८ ला फोन लागला असता, गाडीही निघाली असती, पण त्या गर्दीतून ती कधी पोचली असती हे मी अनेकदा मनात मोजून पाहिलं आहे.

मला मॅग्नेशियम सल्फेट दिलं. ते शिरेतून जाताना अंगभर उकळतं पाणी फिरल्यासारखी धग उठते. एक सिस्टर रात्रभर माझ्या उशाशी होत्या. दर तासाला गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाय उडतो का बघायच्या, श्वास मोजायच्या, लघवी मोजायच्या. मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी पायाचं हे उडणं थांबतं आणि मग श्वास अडतो, म्हणून ही राखण. सगळ्या वॉर्डाच्या धावपळीत त्यांनी एकही तास चुकवला नाही.

या औषधाचं देणंही लांबवरचं आहे. मॅग्नेशियमनं झटके टळतात की नाही हे पारखायला ३३ देशांतल्या १० हजारांवर गरोदर बायका एका चाचणीत सहभागी झाल्या, त्यात भारतातल्याही होत्या. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी, आणि कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. २००२ साली निकाल आला की औषधानं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. ज्यांच्या वाट्याला पाणी आलं त्यांच्यातल्या ज्या झटक्यांनी तडफडल्या, त्यांच्यामुळे मला ते औषध विनाशंका मिळालं. आणि माझ्या माहेरच्या जिल्ह्याचं एक नाव मी इथे घेतलंच पाहिजे. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलं की आपल्याकडच्या किरकोळ वजनाच्या बायकांना पाश्चात्त्य पुस्तकांतली मात्रा जास्त होते, कमी मात्रेतही काम होतं. मावशी गेली तो जिल्हा आणि हे काम झालं ते शहर एकच.

बत्तिसाव्या आठवड्यात सिझर झालं. या आजाराला खरं औषध एकच, वार बाहेर काढणं. मुलगी तेराशे ग्रॅमची. तिला मी नीट पाहिली ती काचेतून, नाकात नळी घातलेली. पुढे तिला उघड्या छातीवर बांधून बसायला शिकवलं, पळीनं दूध पाजायला शिकवलं. ते दिवस मी इथे लांबवत नाही. ती आता पळते.

ती रात्री झोपत नसे तेव्हा मी मोबाइलवर या आजाराबद्दल वाचायला लागले. शब्द अवघड होते, पण बी.एस्सी. इतक्या वर्षांनी कामाला आली. १८४३ मध्ये लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या जॉन लिव्हर यांनी झटके येणाऱ्या गरोदर बायकांची लघवी उकळून पाहिली आणि त्यात प्रथिनं साकळतात हे नोंदवलं. त्यानंतर दीडशे वर्षं डॉक्टरांच्या हातात मुख्यतः लघवी आणि पुढे बीपीचा पट्टा, एवढंच होतं. वारेतून नेमकं काय निघतं हे २००३ साली बोस्टनमध्ये भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ डॉ. अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. आजारी बायकांच्या वारेत एसएफएलटी-१ फार आढळलं, आणि ते गाभण उंदरांच्या अंगात वाढवलं तर त्यांनाही बीपी चढलं, लघवीतून प्रथिनं गेली.

पण प्रश्न होता की ते आजाराच्या आधी वाढतं की नंतर. याचं उत्तर ज्या नळ्यांतून आलं त्यांच्याशी मी येऊन थांबले, आणि अजून तिथेच थांबलेली आहे.

१९९२ ते १९९५ या काळात अमेरिकेतल्या साडेचार हजारांवर पहिलटकरणी एका चाचणीत सहभागी झाल्या होत्या. कॅल्शियमच्या गोळ्यांनी हा आजार टळतो का, हे पाहायचं होतं. टळला नाही. १९९७ साली तसा निकाल छापला गेला. बायका घरी गेल्या, त्यांची मुलं शाळेत जायला लागली. पण गरोदरपणात वेळोवेळी घेतलेलं त्यांचं रक्त गोठवून ठेवलेलं होतं. २००४ साली त्यातल्या आजारी पडलेल्या १२० जणींच्या आणि न पडलेल्या १२० जणींच्या नळ्या बाहेर काढून तपासल्या, तेव्हा दिसलं की आजार उघड होण्याच्या साधारण पाच आठवडे आधीपासून एसएफएलटी-१ चढायला लागतं आणि पीएलजीएफ उतरतं. माझ्या रिपोर्टावरचा आकडा ज्या ज्ञानावर उभा आहे, ते त्या नळ्यांमधलं आहे. ज्या गोळीसाठी त्या बायकांनी दंड पुढे केला तिनं त्यांना काही दिलं नाही. १२० जणी आजारी पडल्या म्हणून नोंदल्या गेल्या. त्यातल्या कुणाचं बाळ गेलं असेल, कुणी स्वतः मरणाच्या दारातून परत आली असेल. त्या माझ्या कोणी लागत नाहीत. तरी त्यांचं रक्त दहा वर्षं बर्फात थांबलं आणि माझ्या मुलीच्या कामी आलं.

पुढे कळलं की असं रक्त आपल्या पुण्यातही जमलं आहे. धनकवडीला भारती विद्यापीठाची आरोग्य संशोधन संस्था आहे. तिथे डॉ. साधना जोशी आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं याच आजारावर काम करत आहेत. आपल्या बायकांच्या रक्तातली आणि वारेतली हीच प्रथिनं, बी-१२, फोलेट, ओमेगा-३ स्निग्धाम्लं यांचा एकमेकांशी काय संबंध आहे हे त्यांनी तपासलं. त्यांच्या एका मोठ्या अभ्यासात अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत त्याच बाईचं रक्त टप्प्याटप्प्यानं घेतलेलं आहे. आपल्याकडचं जेवण वेगळं, अंगकाठी वेगळी, रक्तक्षय घरोघरी. आपल्या बायकांचं उत्तर बोस्टनच्या नळीत पूर्ण सापडणार नाही, ते इथल्याच बायकांच्या रक्तात शोधावं लागणार. सुईला भिणाऱ्या, घाईत असलेल्या, पोटात मळमळ घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या त्या पुणेकरणींना माझा मनापासून नमस्कार आहे.

मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा ताईंनी तिसऱ्या महिन्यातच मला मॅडमपुढे उभं केलं. बीपी, गर्भाशयाच्या रोहिणीचा डॉपलर आणि रक्तातलं पीएलजीएफ पाहून, आणि आधीचा इतिहास धरून, रात्री १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू झालं, ते छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत. यामागेही १७७६ बायका आहेत. २०१७ साली छापलेल्या त्या चाचणीत धोका जास्त असलेल्यांपैकी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत सदतीस आठवड्यांच्या आत हा आजार १.६ टक्क्यांना झाला, न घेणाऱ्यांत ४.३ टक्क्यांना. मुलगा पूर्ण दिवसांचा झाला.

माझा हिशेब इथे संपत नाही. हा आजार होऊन गेलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, म्हणून मी बीपी मोजत राहते. आणि तळवड्यातल्या गाळ्यांतल्या पोरींना दिवस गेले की मी त्यांना पहिला प्रश्न कार्डाचा विचारते. आमच्या टेबलावर आता एक मशीन आहे. भिशीतूनच घेतलं.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात नाही. मला त्या दोन प्रथिनांची तपासणी दोन्ही वेळा खासगी लॅबमध्ये, पदरच्या पैशानं करावी लागली, आणि माझ्या ओळखीत जिला जिला लागली तिलाही. ब्रिटनमध्ये २०१६ पासून सरकारी आरोग्यसेवेसाठी तिची शिफारस आहे; अमेरिकेनं २०२३ साली रुग्णालयात दाखल असलेल्या गरोदर बायकांसाठी तिला मान्यता दिली. ज्या औद्योगिक पट्ट्यातून एवढा कर जमा होतो तिथल्या महापालिकेनं आपल्या रुग्णालयांत काठावरच्या बाईला ती मोफत द्यावी, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. भिशीचा नंबर लागण्यावर कुणाचा जीव टांगलेला नसावा.

तोवर, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. घरात कुणाला दिवस गेले असतील तर आज तिचं कार्ड उघडून बघा. बीपीचा रकाना कोरा असेल तर पुढच्या तपासणीला भरून घेतल्याशिवाय उठू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदरपणाची तपासणी मोफत असते. आकडा १४०/९० ला टेकला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे, छातीखाली उजवीकडे कळ, तोंडावर अचानक सूज, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. आणि कुठल्या संशोधनासाठी कुणी नीट समजावून, तुमची संमती घेऊन नळीभर रक्त मागितलं, तर द्या.